प्रेअरीतलं काटेरी जांभळं फूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला की फोटो यायला सुरुवात होते. शिकागोच्या उपनगरांतून, कॅन्सस सिटीहून, डॅलसहून. कोणी मुलांना घेऊन ट्रेलवर गेलेलं असतं, तर कोणाच्या अंगणाच्या कडेला काहीतरी टोचरं उगवलेलं असतं. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. मी इलिनॉयमध्ये राहते आणि सुट्टीच्या दिवशी प्रेअरी, म्हणजे इथली उंच गवताची मूळ मैदानं, पुन्हा उभी करण्याच्या कामाला जाते. त्यामुळे इथली उदाहरणं जास्त येतील.

१. उंच गवतात काटेरी झाड दिसलं, वर जांभळ्या रेशमी धाग्यांचा झुबका. हे काय आहे?

बहुतेक वेळा ते थिसल असतं. थिसल हे एका झाडाचं नाव नाही, तो सूर्यफुलाच्या कुळातला काटेरी झाडांचा मोठा गोतावळा आहे. सोलापूर किंवा मराठवाड्याकडे करडईच्या शेतातून कधी चालला असाल तर त्याची घडण तुम्हाला आधीच माहीत आहे. करडई याच गोतावळ्यातली. कडांना काटे असलेली पानं, खाली खवल्यांचं हिरवं बोंड, आणि बोंडाच्या तोंडातून वर आलेली बारीक नळीसारखी असंख्य फुलं. करडईत ती पिवळी-केशरी असतात, प्रेअरीत जांभळी किंवा गुलाबट.

आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शेकडो फुलांचा मेळ असतो. ओळख पटवताना मात्र जांभळ्या झुबक्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण तो सगळ्यांचा सारखाच दिसतो. खरी माहिती बोंड, खोड आणि पान यांत असते.

२. ते इथलं मूळचं आहे की बाहेरून आलेलं, हे पटकन कसं कळेल?

पान उलटवा आणि त्याची पाठ बघा. प्रेअरीतल्या बहुतेक देशी, म्हणजे इथल्या मूळच्या, थिसलची पाठ पांढरीशुभ्र असते आणि तिच्यावर दाट, मऊ लव असते. वरची बाजू हिरवी, खालची पांढरी. वाऱ्यावर पानं उलटली की दुरूनही चमकतात.

मग खोडावर नजर टाका. बाहेरून आलेल्या बुल थिसल आणि मस्क थिसल यांच्या खोडाला उभ्या काटेरी झालरी असतात, जणू पानाची कड खोडावरून खाली उतरत गेली आहे. देशी फील्ड थिसल किंवा टॉल थिसलच्या खोडाला अशी झालर नसते. पानं टाळून दोन बोटांत खोड धरता येतं.

शेवटी बोंड. देशी जातींपैकी अनेकांच्या बोंडावरच्या प्रत्येक खवल्याच्या मध्यातून एक फिकट, किंचित चिकट रेघ जाते आणि टोकाला बारीक काटा बाहेर वळलेला असतो.

या तिन्ही खुणा जुळल्या तर झाड देशी असण्याची शक्यता खूपच जास्त. एकाच खुणेवरून निकाल देऊ नका. का ते प्रश्न १० मध्ये आहे.

३. देशी थिसलमध्ये कोणकोणत्या जाती नेहमी दिसतात?

इलिनॉय, आयोवा, मिझुरी या पट्ट्यात सर्वात जास्त भेटतं ते फील्ड थिसल, शास्त्रीय नाव सिर्सियम डिसकलर. उंची तीन ते सहा फूट, पानं खोलवर कातरलेली, पाठ पांढरी. बोंडाला लागूनच खाली छोट्या पानांची ओंजळ असते, जणू कोणी फूल हातात धरून दाखवतंय. फुलायला जुलैची अखेर किंवा ऑगस्ट उजाडतो आणि बहर ऑक्टोबरपर्यंत चालतो.

त्याचं सख्खं भावंड म्हणजे टॉल थिसल. पाठ तशीच पांढरी, पण पान फारसं कातरलेलं नसतं, सलग आणि रुंद असतं. उंची कधी कधी दहा फुटांपर्यंत जाते. या दोघांत गोंधळ झाला तर पानाचा आकार बघायचा.

पश्चिमेकडे कोरड्या मैदानांत गेलात की वेव्हीलीफ थिसल भेटतं. त्याची पानं दोन्ही बाजूंनी राखाडी-पांढरी, कडा लाटांसारख्या. उत्तरेकडच्या मैदानांत फ्लॉडमन्स थिसल, ओलसर कुरणांत स्वॉम्प थिसल. टेक्सासमध्ये एप्रिलपासून फुलणारं टेक्सास थिसल लांब दांड्यावर एकेक गुलाबी-जांभळं फूल धरतं.

४. आणि बाहेरून आलेल्या?

मुख्य तीन लक्षात ठेवा. तिन्ही युरोप-आशियाकडून आलेल्या.

बुल थिसल सगळ्यात टोचरं. पानाच्या वरच्या बाजूवरही ताठ काटेरी केस असतात, त्यामुळे पान सँडपेपरसारखं लागतं. खोडाला झालर, बोंडावर चहूबाजूंनी ताठ काटे. फील्ड थिसलशी गल्लत होते ती मुख्यतः याचीच.

कॅनडा थिसल नावाने कॅनडाचं असलं तरी तिथलं नाही. फुलं छोटी, जेमतेम अर्ध्या-पाऊण इंचाची, फिकट जांभळी, झुपक्याने येतात आणि बोंडावर टोचण्यासारखा काटा जवळपास नसतोच. हे जमिनीखालच्या मुळांनी पसरतं, म्हणून एक झाड कधीच दिसत नाही, ताटवाच दिसतो. नर आणि मादी झाडं वेगळी असतात.

मस्क थिसल ओळखायला सोपं: मोठं फूल, मान खाली घातलेली, फुलाखालचा दांडा उघडा, आणि बोंडावरचे रुंद खवले मागे दुमडलेले.

५. ओळख पटण्यासाठी फोटो कसा काढू?

नव्वद टक्के लोक फक्त फुलाचा सुंदर फोटो पाठवतात आणि मला पुन्हा विचारावं लागतं. फुलाचा एक असू द्याच, पण बोंड बाजूने दिसेल असा एक हवा. पान उलटवून त्याच्या पाठीचा एक, खोडाला पान जिथे चिकटतं तिथला एक, आणि पूर्ण झाड दिसेल असा लांबून एक. ठिकाण आणि तारीख लिहा. आयनॅचरलिस्टसारखं ॲप वापरत असाल तर हेच सगळे फोटो तिथेही चढवा. फक्त झुबका दाखवला तर ॲपही चुकतं.

६. हे आपलं उटकटारा नव्हे का?

हा प्रश्न बहुतेक आई-बाबांकडून येतो, अमेरिकेत काही महिने राहायला आलेल्यांकडून. त्यांची नजर पक्की असते आणि ते अगदीच चुकीचे नसतात. उटकटारा, म्हणजे एकायनॉप्स एकायनेटस, याच गोतावळ्यातला आहे. दख्खनच्या माळरानावर तो उभा असतो तसंच हे इथल्या गवतात उभं असतं.

फरक फुलात आहे. उटकटाऱ्याचा गोल चेंडू असतो, सगळ्या बाजूंनी काटे आणि फिकट निळसर-पांढरी फुलं. थिसलला चेंडू नसतो, वर उघडणारं बोंड आणि ब्रशसारखा झुबका असतो. कोळशिंदा, म्हणजे तालिमखाना, असंही काही जण विचारतात. त्याचा रंग जुळतो, काटेही जुळतात, पण ते ओढ्या-तळ्याकाठचं वेगळ्याच कुळातलं झाड आहे.

७. टेक्सासमध्ये आहे. फूल छोट्या अननसासारखं आहे, आणि सगळं झाडच जांभळं झालंय. हेही थिसल का?

नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या फोटोंतला हा सर्वात देखणा. हे लेव्हनवर्थ्स एरिंगो. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्ससमधल्या चुनखडीच्या जमिनीत वाढणारं, एका वर्षात जीवनक्रम संपवणारं देशी झाड. आश्चर्य म्हणजे ते कोथिंबिरीच्या कुळातलं आहे.

ओळख सोपी आहे. बोंड लांबट, आणि त्याच्या डोक्यावर अननसाला असतो तसा काटेरी पानांचा तुरा. थिसलमध्ये बोंडाच्या वर असा तुरा कधीच नसतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाड हिरवंच असतं, जुलै-ऑगस्टमध्ये देठ, पानं, फूल सगळ्यात जांभळा रंग चढतो. म्हणूनच जूनमध्ये ते गवतात असूनही कोणाला दिसत नाही.

८. काटे आहेत, फूलही जांभळं आहे, पण झुबका नाही. मग?

फूल वांग्याच्या फुलासारखं आहे का? पाच टोकांची चांदणी आणि मधे पिवळे केसर? मग ते हॉर्सनेटल किंवा सिल्व्हरलीफ नाइटशेड. दोन्ही अमेरिकेतलीच. घरच्या ओळखीचं उदाहरण द्यायचं तर भुईरिंगणीची चुलत भावंडं. नंतर पिवळी गोल फळं लागतात आणि ती विषारी असतात. लहान मुलं सोबत असतील तर हे नीट सांगून ठेवा.

गुलाबी-जांभळा मऊ गोळा, वेलीसारखी जमिनीवर पसरलेली काटेरी फांदी, आणि हात लावताच पानं मिटली? ती इथली देशी लाजाळू आहे, सेन्सिटिव्ह ब्रायर.

हायवेच्या कडेला अंड्याच्या आकाराचं काटेरी डोकं आणि त्याभोवती फिकट जांभळ्या फुलांचं कडं दिसलं तर ते टीझल. हे युरोपातून आलेलं. त्याची पानं खोडाभोवती जोडली जाऊन वाटी तयार होते आणि तीत पावसाचं पाणी साठतं. वाळलेली डोकी हिवाळाभर उभी राहतात. पूर्वी लोकरी कापडाची लव वर काढण्यासाठी याच्या एका जातीची डोकी वापरत.

कोनफ्लॉवरचा मधला भाग टोचतो म्हणून त्याचाही फोटो येतो. त्याला बाजूला स्पष्ट पाकळ्या असतात आणि खोड-पानांवर काटे नसतात, एवढं पाहिलं की शंका मिटते.

९. फूल आलेलंच नाही. तरी ओळखता येईल?

येतं. फील्ड थिसल, टॉल थिसल, बुल थिसल ही सगळी पहिल्या वर्षी फक्त जमिनीलगत पानांचं चक्र करून बसतात. खोड आणि फूल नंतरच्या वर्षी. चक्रातलं एक पान सांभाळून उलटवा. पांढरी दाट लव असेल तर देशी असण्याचा संभव मोठा. पाठ हिरवट किंवा विरळ केसाळ आणि वरची बाजू खरखरीत काटेरी असेल तर बुल थिसल.

याच अवस्थेत सर्वात जास्त चुका होतात. पहिल्या वर्षी मी स्वतः एका सकाळी फील्ड थिसलची पंधरा-वीस चक्रं तण समजून उपटली. शेजारी काम करणाऱ्या एका वयस्क बाईंनी त्यातलं एक उचलून मला पानाची पाठ दाखवली. त्या काहीच बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी हातमोजा घातल्यावर आधी पान उलटवते.

१०. तुमच्या खुणा लावून पाहिल्या, पण उत्तर जुळत नाही. असं का?

कारण निसर्गात अपवाद भरपूर आहेत. जे वारंवार समोर येतात ते सांगते.

कॅनडा थिसलच्या काही झाडांची पाठही पांढुरकी असते. तिथे फुलाचा आकार बघा: छोटी झुपकेदार फुलं आणि बिनकाट्याचं बोंड असेल तर पाठ कशीही असो, ते कॅनडा थिसल.

“देशी थिसल मुळांनी पसरत नाही” हे वाक्य सर्रास ऐकू येतं. फील्ड आणि टॉलपुरतं ते खरं आहे. पण फ्लॉडमन्स थिसल देशी असूनही पसरणाऱ्या मुळांतून नवे कोंब काढतं. उत्तर डकोटा किंवा मिनेसोटात ताटवा दिसला म्हणून लगेच परका ठरवू नका.

स्वॉम्प थिसलच्या बोंडाला काटे जवळजवळ नसतात, त्याऐवजी कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे असतात. काटे नाहीत म्हणून कॅनडा थिसल समजून त्याला काढलं जातं. बोंड मोठं आणि जमीन दलदलीची असेल तर थांबा.

फील्ड आणि टॉल यांचा संकर होतो. अर्धवट कातरलेली पानं असलेलं झाड दिसलं तर एकच नाव देण्याचा हट्ट नको. क्वचित पांढऱ्या फुलांचंही झाड निघतं. रंग सोडून बाकीच्या खुणा बघायच्या.

आणि एकदा कापणी झालेलं झाड बुटकं, वेड्यावाकड्या फांद्यांचं होऊन उशिरा फुलतं. अशा वेळी उंची आणि महिना यांवर विसंबू नका.

११. माझ्या अंगणात उगवलंय. उपटू का?

आधी ओळख, मग हात. फील्ड किंवा टॉल थिसल असेल तर वाटेतलं नसेल तिथे राहू द्या. ते बियांवरच वाढतं, फुलून बी झाल्यावर ते झाड साधारणपणे मरतं. नको तिथे उगवलेलं रोप सहज काढता येतं.

बुल थिसल असेल तर फुलण्याआधी मुळाचा वरचा भाग जमिनीखालून कापला की पुरे. कॅनडा थिसलला हा उपाय चालत नाही, कारण मुळाचा मागे राहिलेला तुकडा नवं झाड देतो. त्याला वारंवार कापून दमवावं लागतं, आणि हे एका मोसमाचं काम नाही.

कायद्याचं म्हणाल तर इलिनॉयच्या उपद्रवी तणांच्या यादीत कॅनडा थिसल आणि मस्क थिसल आहेत, आणि त्यांना आवर घालणं जमीनमालकावर बंधनकारक आहे. फील्ड थिसल त्या यादीत नाही. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथली यादी पाहा. बहुतेक काउंट्यांमध्ये विद्यापीठाचं एक्स्टेन्शन ऑफिस, म्हणजे शेती-बागेबद्दल सल्ला देणारं कार्यालय, असतं, तिथे झाडाचा नमुना किंवा फोटो दाखवता येतो. सोसायटीकडून “तण काढा” अशी चिठ्ठी आली तर त्यांना नाव सांगून उत्तर द्या. आमच्या वस्तीत तसं झालं नाही. कंत्राटदाराने ओढ्याकाठची सगळी फील्ड थिसल फवारून टाकली, तीही ऑगस्टमध्ये, ऐन फुलात.

१२. काटेरी तण ते तण. वाचवायचं कशासाठी?

हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर लांब आहे.

अमेरिकन गोल्डफिंच हा हळदीच्या रंगाचा चिमुकला पक्षी आयोवाचा राज्यपक्षी आहे. इतर बहुतेक पक्ष्यांची पिल्लं उडायला लागतात तेव्हा याचं घरटं सुरू होतं, कारण तो थिसल पिकायची वाट बघतो. आपण लहानपणी पकडायचो त्या रुईच्या म्हाताऱ्या आठवतात? थिसलच्याही तशाच म्हाताऱ्या उडतात. गोल्डफिंच त्या घरट्यात अस्तरासाठी नेतो आणि त्यांच्या तळाचं बी पिल्लांना भरवतो.

सप्टेंबरमध्ये मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोकडे निघतात तेव्हा वाटेत फील्ड थिसलच्या मधावर थांबतात. भुंग्यांसारख्या जाड बम्बलबी तर संध्याकाळी त्याच झुबक्यावर झोपलेल्या सापडतात. पेंटेड लेडी फुलपाखराच्या अळ्या थिसलची पानं खातात. हेच फुलपाखरू महाराष्ट्रातही दिसतं. आणि स्वॉम्प मेटलमार्क या छोट्या फुलपाखराच्या अळीचा मुख्य आधार स्वॉम्प थिसल आहे. ते गेलं की हेही संकटात.

आता नेब्रास्काची गोष्ट. मस्क थिसलला आळा घालायला युरोपातून एक सोंड्या भुंगेरा आणला गेला, रायनोसिलस कोनिकस. १९६८ मध्ये कॅनडात आणि १९६९ मध्ये अमेरिकेत तो सोडला. तो बोंडात अंडी घालतो, अळी आतलं कोवळं बी खाते. मस्क थिसलवर तो चालला. पण नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांवर काम करणाऱ्या स्वाता लाउडा यांना तोच भुंगेरा देशी प्लॅट थिसलच्या बोंडात सापडला, आणि १९९७ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी हे नुकसान ‘सायन्स’मध्ये मांडलं. प्लॅट थिसलचं बी कमालीचं घटलं होतं. आपण फरक केला नाही, तर किडा कसा करणार?

इलिनॉयमध्ये एकेकाळी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. त्यातली मूळ, उत्तम अवस्थेत उरलेली जमीन दोन-अडीच हजार एकर आहे. जोलिएटच्या दक्षिणेला मिडेविन इथे जुन्या दारूगोळा कारखान्याच्या जागेवर १९९६ पासून ती पुन्हा उभी केली जाते आहे. तिथे किंवा कॅन्ससमध्ये कोन्झा प्रेअरीला ऑगस्टच्या शेवटी जा. देशी थिसल त्यांच्या खऱ्या जागी, बिग ब्लूस्टेम गवताच्या खांद्याला खांदा लावून उभी दिसतील.

१३. दुकानात पक्ष्यांसाठी “थिसल सीड” मिळतं. ते पेरलं तर थिसल उगवेल का?

नाही. ते थिसल नाहीच. पिशवीत हात घाला, काळं, चकचकीत, लांबट बी बघा. ओळखलंत? ते कारळे आहेत, ज्याला खुरासणीही म्हणतात. आपण चटणी करतो तेच. इथे ते नायजर नावाने विकलं जातं, भारत आणि इथिओपियातून येतं, आणि उगवू नये म्हणून आयातीच्या वेळी त्याला उष्णता दिलेली असते. गोल्डफिंचला दोन्ही आवडतात म्हणून जुनं नाव चिकटून राहिलं.

१४. देशी थिसलचं बी गोळा करून लावू का? भारतात नेता येईल का?

स्वतःच्या अंगणातलं बी स्वतःच्याच अंगणात लावा, हरकत नाही. संरक्षित प्रेअरी, राज्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून बी किंवा फूल तोडू नका. भारतात नेऊ नका. परवानगीशिवाय बियाणं नेणं नियमाविरुद्ध आहेच, शिवाय एका खंडातलं सोज्वळ झाड दुसरीकडे काय करतं ते प्रश्न ४ मध्ये आलंच आहे.

१५. लेक मिशिगनच्या वाळूत थिसल दिसलं, पण फूल मलईसारखं पांढरट आहे आणि पानं चांदीसारखी. जांभळं नाही तरी विचारते.

बरं केलंत विचारलंत. ते बहुधा पिचर्स थिसल. जगात फक्त ग्रेट लेक्स या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या काठच्या वाळूत वाढतं आणि १९८८ पासून संघराज्याच्या ‘धोक्यातील’ जातींच्या यादीत आहे. पानं अरुंद पट्ट्यांत चिरलेली, दोन्ही बाजूंनी पांढरी लव, काटे थोडेच. मूळ वाळूत कित्येक फूट खोल जातं. इंडियाना ड्यून्स आणि स्लीपिंग बेअर ड्यून्सला ते आहे. इलिनॉयमधून ते नाहीसं झालं होतं, मग १९९० च्या दशकात इलिनॉय बीच स्टेट पार्कमध्ये ते पुन्हा लावलं गेलं.

इथे मात्र पान उलटवायचा माझा सल्ला लागू नाही. वाटेवरूनच फोटो काढा, वाळूत पाऊल टाकू नका. शेजारच्या वाळूत चांदीच्या पानांची बारीक चक्रं असतील तर ती त्याचीच पिल्लं आहेत. त्यांना फूल यायला पाच ते आठ वर्षं लागतात. फूल एकदाच येतं, आणि बी उडून गेलं की झाड मरतं.